बोजा, वारस आणि जाहीर नोटीस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली जाहीर नोटीस सहसा कोणी वाचत नाही. ज्याच्या जमिनीचा सर्व्हे नंबर तीत असतो तो मात्र वाचतो, आणि वाचून अस्वस्थ होतो. अमुक मिळकत अमुक इसम विकत घेत आहे. तीवर कोणाचा वारसाहक्क, गहाण, दान, वहिवाट वा अन्य बोजा असल्यास १४ दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. न कळविल्यास तसा हक्क नाही, किंवा असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजले जाईल. वसईच्या पट्ट्यात तरी ही भाषा आता घराघरांत परिचयाची झाली आहे. या कोरड्या मजकुरात मुळात दोनच प्रश्न असतात : वारस कोण आणि बोजा किती? आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे काउंटीत या दोन प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ माणसाच्या धर्मश्रद्धेशी जखडलेली होती. तेथील कॅथलिक कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्याला भक्तिपर चरित्रांपेक्षा दावे, दाखले आणि नोटिसाच अधिक उपयोगी पडतात, कारण श्रद्धेची किंमत तेथे एकरांत मांडलेली सापडते.

गॉलवेचा पश्चिम भाग म्हणजे कॉनेमारा. खडक, दलदल, तळी आणि समुद्र. मधूनमधून बटाट्याला पुरेल एवढी माती. सतराव्या शतकातील युद्धांनी आणि जप्त्यांनी साऱ्या आयर्लंडमधील जमिनीची मालकी उलटीपालटी झाली. १६४१ मध्ये कॅथलिकांच्या हाती देशातील सुमारे ५९ टक्के जमीन होती. १७०३ मध्ये ती १४ टक्क्यांवर आली. ही घट तलवारीने झाली होती. उरलेल्या १४ टक्क्यांसाठी तलवारीची गरज पडली नाही. त्यासाठी वारसाकायदा पुरला.

१७०४ साली डब्लिनच्या पार्लमेंटने ‘पोपपंथाच्या वाढीस आळा घालण्यासाठी’ म्हणून जो कायदा केला, त्याची रचना मोठी चतुर होती. कॅथलिकाने जमीन विकत घ्यायची नाही. भाडेपट्ट्याने घ्यायची तर ३१ वर्षांपेक्षा अधिक मुदतीची नाही. तो मरण पावला की त्याची जमीन सर्व मुलग्यांत सारखी वाटली जाणार, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत तिचे तुकडे होणार. मात्र थोरल्या मुलाने प्रस्थापित प्रोटेस्टंट चर्चचा स्वीकार केला, तर सगळी जमीन त्या एकट्याची. आणि बाप जिवंत असतानाच थोरल्याने हे पाऊल उचलले, तर बाप त्या क्षणापासून केवळ हयातीपुरता वहिवाटदार उरे. स्वतःची जमीन त्याला विकता येत नसे. भावांत समान वाटणी होणे ही आपल्याला न्यायाची गोष्ट वाटते. येथे तिचाच शिक्षा म्हणून वापर झाला. इंग्रज सरदारघराण्यांनी आपल्या जहागिरी अखंड राखण्यासाठी थोरल्याच्या वारसाहक्काची प्रथा जपली आणि कॅथलिकांच्या जमिनी खिळखिळ्या करण्यासाठी समवाटणी सक्तीची केली.

याच कायद्यातील आणखी एक कलम मला अधिक निर्दय वाटते. अज्ञान मुले मागे ठेवून मरणाऱ्या कॅथलिक पित्याला कॅथलिक पालक नेमता येत नसे. पोरक्या मुलाचे पालकत्व प्रोटेस्टंटाकडेच जाई, आणि नियम मोडून पालक झालेल्या कॅथलिकाला ५०० पौंडांचा दंड होई. मृत्युशय्येवरच्या माणसाला जमिनीपेक्षा आपल्या मुलांच्या आत्म्याची चिंता अधिक असते, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

कायदा कडक असला तरी अंमलबजावणीला माणसे लागतात. १७०९ च्या पुरवणी कायद्याने ती निर्माण केली. कॅथलिकाने बेकायदा जमीन धारण केल्याचे जो प्रोटेस्टंट उघडकीस आणील, त्याने चॅन्सरी न्यायालयात दावा लावावा आणि ती जमीन स्वतः घ्यावी, अशी तरतूद झाली. अशा माणसाला ‘डिस्कव्हरर’ म्हणत, म्हणजे गुपित उघड करणारा. शेजाऱ्याच्या कपाटातील कागदांवर नजर ठेवणे हा त्यामुळे रीतसर उद्योग झाला. पण येथेच मानवी स्वभावाची दुसरी बाजूही दिसते. कित्येक कॅथलिकांनी आपली जमीन कागदोपत्री एखाद्या प्रोटेस्टंट मित्राच्या नावे ठेवली आणि त्या मित्रांनी पिढ्यान्‌पिढ्या ती विश्वासाने सांभाळली. कधी तर मित्रच मुद्दाम ‘डिस्कव्हरर’ बने, दावा लावून जमीन आपल्या नावे करून घेई आणि मूळ धन्याला गुपचूप पूर्ववत उपभोग घेऊ देई. परक्या लांडग्याने झडप घालण्यापूर्वी आपणच लांडग्याचे कातडे पांघरायचे, असा हा प्रकार. या व्यवहारांना शब्दाखेरीज आधार नव्हता, कारण तो शब्द कागदावर आला असता तर दोघेही बुडाले असते.

ज्यांना असा मित्र लाभला नाही, किंवा शब्दावर विसंबण्याचे धैर्य झाले नाही, त्यांनी दुसरी वाट धरली. प्रोटेस्टंट चर्चमध्ये उपासनेच्या वेळी सर्वांसमक्ष पूर्वश्रद्धेचा त्याग वाचायचा, तेथील प्रभुभोजन घ्यायचे, बिशपचा दाखला मिळवायचा, शपथ घ्यायची आणि तो दाखला चॅन्सरीत नोंदवायचा. या नोंदींच्या गुंडाळ्यांना ‘कन्व्हर्ट रोल्स’ म्हणतात. अठराव्या शतकात त्यांत साडेपाच हजारांच्या आसपास नावे चढली. आकडा लहान आहे. पण त्यात जमीनदार आणि वकील यांचा भरणा असल्यामुळे परिणाम मोठा झाला. कित्येक घरांत थोरला चर्च बदले, आई आणि बहिणी मिस्सेला जात राहत, आणि धाकटा भाऊ फ्रान्स-स्पेनच्या सैन्यात वा सेमिनरीत जाई. यांना धर्मत्यागी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु थोरल्याने नाव नोंदवले म्हणूनच एखाद्या धर्मग्रामाला मिस्सेसाठी आडोसा मिळाला, अशीही उदाहरणे आहेत. या विषयावर निवाडा देताना हात आखडावा लागतो.

गॉलवेतील मार्टिन घराण्याची कथा या सर्व वळणांतून जाते. गॉलवे शहरातील चौदा व्यापारी घराण्यांपैकी हे एक, मूळचे कॅथलिक. त्यातील एक रिचर्ड, ज्याला लोक ‘चपळ डिक’ म्हणत, पराभूत राजा जेम्सच्या बाजूने लढला आणि तरीही १६९८ मध्ये विजयी राजा विल्यमकडून आपल्या कॉनेमारातील जमिनींची सनद मिळवून बसला. या जमिनी त्यापूर्वी ओफ्लाहर्टी या जुन्या गेलिक घराण्याच्या होत्या, हेही विसरता कामा नये. पुढे याच घराण्यात १७५४ साली दुसरा रिचर्ड मार्टिन जन्मला. पार्लमेंटची दारे आपल्या मुलाला बंद राहू नयेत म्हणून बापाने त्याला प्रोटेस्टंट म्हणून वाढविले. तो पार्लमेंटात गेला, कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूने उभा राहिला आणि १८२२ मध्ये गुराढोरांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा त्याने मंजूर करून घेतला. प्राणिदयेच्या चळवळीत त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. बॅलिनाहिंचचे त्याचे संस्थान सुमारे दोन लाख एकरांचे होते. पण खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता. १८२७ मध्ये पार्लमेंटची जागा गेली, तिच्याबरोबर ऋणकोला मिळणारे संरक्षणही गेले, आणि सावकारांना चुकवीत तो फ्रान्समधील बुलोन येथे जाऊन राहिला. तेथेच १८३४ मध्ये वारला. धर्माचा बोजा उतरवून राखलेल्या जमिनीवर आता कर्जाचा बोजा चढला होता.

दरम्यान कायदे सैल झाले होते. १७७८ मध्ये सक्तीची समवाटणी आणि थोरल्याला दाखवलेले आमिष रद्द झाले, १७८२ मध्ये जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली, १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुले झाले. पण मृत्युशय्येवरील धर्मगुरूविषयीचा संशय गेला नाही. १८४४ च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्यात अशी अट होती की, धर्मकार्यासाठी जमीन द्यायची तर तो दस्त मृत्यूपूर्वी किमान तीन महिने आधी झालेला असावा. गॉलवे काउंटीतच तुआम येथे पीठ असलेले महागुरुस्वामी जॉन मॅकहेल या कायद्याविरुद्ध गर्जून उठले. डब्लिन आणि आर्माचे महागुरुस्वामी मात्र त्याच कायद्याखालील मंडळावर बसले. ही तेढ बरीच वर्षे निवळली नाही. आपल्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ११८ व्या कलमानुसार पुतण्या, भाचा वा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाचे धर्मादायासाठीचे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी १२ महिने आधी झालेले आणि सहा महिन्यांच्या आत सरकारी कचेरीत ठेवलेले असावे लागे. हिंदूंना ही अट नव्हती. अठराव्या शतकातील इंग्रजी संशयाचे हे कलम १८६५ मध्ये आपल्याकडे आले आणि फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले, तोवर जिवंत होते.

मॅकहेल यांच्या वादाची धूळ खाली बसण्यापूर्वीच १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. दुष्काळाची कहाणी पुष्कळांनी लिहिली आहे; येथे कागदांपुरते पाहू. १८४७ मध्ये गॉलवेतील कूल येथील जमीनदार विल्यम ग्रेगरी याने पार्लमेंटात एक दुरुस्ती मंजूर करून घेतली : पाव एकराहून, म्हणजे आपल्या १० गुंठ्यांहून, अधिक जमीन धरून असलेल्या कुटुंबाला सरकारी मदत नाही. पोटाला हवे तर जमीन सोडा. लहान खंडकऱ्यांवरील गरीबपट्टी जमीनदारालाच भरावी लागत असल्याने त्यालाही ते नकोसे झाले होते. जमीन सोडण्याच्या नोटिसा आणि न्यायालयाचे बेदखलीचे हुकूम ढिगांनी निघू लागले. १८४८ मध्ये पार्लमेंटला थोडी लाज वाटली असावी. घर खाली करण्यापूर्वी मदत अधिकाऱ्याला ४८ तासांची सूचना द्यावी, रात्री कोणाला बाहेर काढू नये, नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला काढू नये, आणि माणसे आत असताना छप्पर उतरवू नये, असा कायदा झाला. असा कायदा करावा लागला, यातच त्यापूर्वी काय चालत होते ते आले. १८४१ मध्ये गॉलवेची लोकसंख्या सुमारे ४ लाख ४० हजार होती. १८५१ मध्ये ती ३ लाख २२ हजारांच्या आसपास उरली.

रिचर्ड मार्टिनचा मुलगा थॉमस आपल्या कुळांची विचारपूस करण्यासाठी क्लिफ्डनच्या गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) गेला, तेथे त्याला ज्वराची बाधा झाली आणि १८४७ मध्ये तो मरण पावला. त्याची एकुलती एक मुलगी मेरी लेटिशिया लोकांच्या तोंडी ‘कॉनेमाराची राजकन्या’ होती; तिच्या वाट्याला वारसा म्हणून कर्ज आले. घर सोडून ती परदेशी गेली, कादंबरी लिहून पोट भरण्याचा प्रयत्न केला आणि १८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाळंतपणानंतर वारली. संस्थान लंडनच्या एका विमा कंपनीकडे, लॉ लाइफ अश्युरन्स सोसायटीकडे, गहाण होते. १८४९ साली ते विक्रीस काढताना छापलेल्या माहितीपत्रकात एक सूचना होती. तिचा आशय असा : कुळांची संख्या आणि खंड १८४७ च्या पाहणीवरून दिलेला आहे, त्यानंतर कुळांच्या बाबतीत खरेदीदाराला फायद्याचे पुष्कळ बदल झाले आहेत. हे बदल म्हणजे मृत्यू, बोटीने झालेले स्थलांतर आणि बेदखली. जाहीर नोटिशीच्या इतिहासात याहून सभ्य आणि याहून भयंकर वाक्य माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षी डब्लिनमध्ये हेन्रिएटा स्ट्रीटवर बोजाग्रस्त मिळकतींचे न्यायालय सुरू झाले. धनको वा मालक यांपैकी कोणीही अर्ज करावा, नोटीस प्रसिद्ध व्हावी, मिळकत लिलावात जावी आणि खरेदीदाराला निर्वेध मालकी मिळावी. जुने सगळे दावे जमिनीवरून उठून विक्रीच्या रकमेवर बसत. कुळाने दलदल उपसून केलेल्या शेताची मात्र नोंद कुठेच नसे. पहिल्या आठेक वर्षांत सात हजारांहून अधिक खरेदीदार पुढे आले. इंग्रज भांडवल येईल ही सरकारची अपेक्षा होती. खरेदीदार बहुतेक आयरिशच निघाले, आणि त्यांत कॅथलिक व्यापारी व वकीलही होते. खंड वाढविण्यात ते कोणाच्या मागे राहिले नाहीत, हे आपल्या बाजूचे म्हणून झाकण्याचे कारण नाही. बॅलिनाहिंच १८५२ मध्ये १ लाख ८६ हजार पौंडांना त्याच विमा कंपनीने घेतले, १८७२ मध्ये रिचर्ड बेरिज या लंडनच्या मद्यउत्पादकाला विकले, आणि १९२४ मध्ये तेथील वाडा नवानगरचे जामसाहेब, क्रिकेटवीर रणजितसिंहजी यांनी घेतला. तेथे ते उन्हाळ्यात मासेमारीसाठी जात. बोजाग्रस्त मिळकतींचे कायदे १८७६-७७ मध्ये छोटा नागपूर, सिंध आणि मुंबई इलाख्यातील भडोच-खेडा येथेही झाले. पण येथे सरकारने व्यवस्थापक नेमून ठाकुरांच्या जमिनी विक्रीपासून वाचविल्या. नाव तेच, काम उलटे.

१९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे दप्तरखाने जळाले. कन्व्हर्ट रोल्सचे मूळ पट आणि शतकांची मृत्युपत्रे त्या आगीत गेली. हेन्रिएटा स्ट्रीटच्या टोकाला असलेली दस्तनोंदणीची कचेरी मात्र वाचली. १७०८ मध्ये ती उघडली ती कॅथलिकांचे छुपे व्यवहार पकडता यावेत या उघड हेतूने. आज त्यांच्या घरांचा माग काढण्यास तिचाच आधार उरला आहे. न्यायालयाची इमारत पुढे गरिबांची चाळ झाली. १९११ मध्ये त्या एका घरात १०० माणसे राहत होती. २०१८ पासून तेथे संग्रहालय आहे. लिलावासाठी छापलेल्या पुस्तिकाही टिकल्या आहेत. त्यांत नकाशे आहेत, आणि खंडाच्या आकड्यासमोर कुळाचे नाव आहे. बॉस्टन आणि सिडनीहून आलेली माणसे त्या पानांवर बोट ठेवून आपले आडनाव शोधतात.