हृदयावरणाचा मध्यकलार्बुद कर्करोग : निदान
हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणातच उद्भवणारा अतिदुर्मीळ कर्करोग (मेसोथेलिओमा). या आवरणात आढळणाऱ्या गाठी बहुतांशी फुप्फुस, स्तन किंवा लसीका ग्रंथींच्या कर्करोगातून पसरलेल्या असतात. अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध फुप्फुसावरणातील रोगाइतका ठळक नाही.

धाप, छातीत दुखणे, पायांवर सूज ही लक्षणे फसवी असतात. इकोत (हृदयाच्या ध्वनिलहरी तपासणीत) आवरणातील पाणी दिसते, पण कारण कळत नाही. भारतात अशा पाण्यामागे क्षयाची शक्यता मोठी, म्हणून क्षयाचे उपचार सुरू होणे स्वाभाविकच. मात्र पाणी पुन्हा पुन्हा, विशेषतः रक्तमिश्रित साठले आणि पाण्यातील एडीए या विकराची तपासणी व जंतुसंवर्धनातूनही क्षय सिद्ध झाला नाही, तर थांबून चालत नाही. पाण्यात कर्कपेशी न सापडणे हा रोग नसल्याचा पुरावा नव्हे. सीटी व एमआरआयमध्ये जाड, गाठाळ आवरण दिसते, निर्णय बायोप्सीचाच. तीत कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारखी प्रथिने तपासतात.

उदाहरणार्थ, पिंपळगाव बसवंतच्या (ता. निफाड) रुग्णाला इको नाशिकला करता येतो, ऊतक-तपासणीच्या दुसऱ्या मतासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) आहे. तिकडे जाताना केवळ अहवाल नव्हे, बायोप्सीचे मेणठोकळे व काचपट्ट्याही सोबत न्याव्यात.