घोरपडीची शेपटी : लोककथा, इतिहास आणि निसर्ग

प्रस्तावना : प्राण्याच्या एखाद्या अवयवाभोवती लोकमानस कथा रचते, ही जगभर आढळणारी प्रवृत्ती आहे. मध्ययुगीन युरोपात बीव्हर या जलचर सस्तन प्राण्याची खवलेदार शेपटी मासा समजून उपवासात खाल्ली जात असे. बाराव्या शतकातील जेराल्ड ऑफ वेल्स याने त्याची नोंद केली आहे. महाराष्ट्रात असे स्थान घोरपडीला लाभले. अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडासारखे उभे कडे पाहणाऱ्यास घोरपडीच्या शेपटीला वा कमरेला दोर बांधून गड चढल्याची कथा सहज आठवते.

ऐतिहासिक साधने : ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात या प्रसंगी यशवंत नावाची घोरपड येते. हा पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात आहे. राजारामांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत मात्र घोरपड नाही. निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढले आणि वर माळ, म्हणजे दोराची शिडी लावून त्यांनी इतरांना वर घेतले, असे सभासद सांगतो. घोरपडीच्या साह्याने खेळणा किल्ला चढल्याची आणि त्यावरून १४७१ मध्ये 'घोरपडे' हा किताब मिळाल्याची कथा मुधोळकर घराण्याच्या परंपरेतही आहे. यावरून कोंढाण्याची कथा जुन्या आख्यानबीजाच्या आधारे घडली असावी, असे अनुमान करता येते.

निसर्गातील शेपटी : घोरपडीची शेपटी डोक्यासह धडाहून लांब व दोन्ही बाजूंनी चपटी असते. पोहताना ती वल्ह्याचे काम करते, तर संकटात चाबकासारखी फटकारली जाते. पालीप्रमाणे ती तुटून पुन्हा उगवत नाही. कड्यावरची पकड शेपटीची नसून वाकड्या, तीक्ष्ण नखांची असते. मोठ्या घोरपडीचे वजनही सुमारे सात किलोच भरते. तिच्या आधारे सशस्त्र मनुष्य चढणे संभवत नाही.

निष्कर्ष : कथेने मावळ्यांचे गिर्यारोहणकौशल्य प्राण्याच्या नावे जमा केले. पोवाडा हे लोकश्रद्धेचे साधन म्हणून मोलाचे आहे. परंतु घटनेच्या पुराव्यासाठी बखरीची साक्ष अधिक ग्राह्य ठरते. या अद्भुताची किंमत घोरपडीलाही मोजावी लागते. तिच्या तेलासाठी तिची शिकार होते. 'हत्ता जोडी' नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी वस्तू वस्तुतः नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालयांत ही कथा शिकविताना इतिहास व प्राणिशास्त्र या दोन्ही विभागांनी ती एकत्र तपासल्यास तानाजींच्या सोबत्यांना आणि घोरपडीलाही न्याय मिळेल.