चारही चाके ओढणारी गाडी

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाचा तालुका. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारा रस्ता येथून जातो. हा डांबरी रस्ता सोडून मळ्याकडे वळले, की पाणंदी, मुरमाचे चढ आणि ओढे सुरू होतात. एरवी कोरड्या असलेल्या पाणंदीत दोन पाऊस पडले, की काळ्या मातीचा असा राडा होतो, की बैलगाडीसुद्धा रुतून बसते. अशा मुलखात जुनी जीप अनेक घरांत घरच्या माणसासारखी नांदली. आमच्याकडेही एक होती. तिच्याबाबत घडलेल्या एका प्रसंगापासून आम्ही सुरुवात करतो.

1990 च्या दशकातली ही गोष्ट. मागचे उजवे चाक काढायचे होते. अंगणाला ओढ्याकडे थोडासा उतार होता. आम्ही हँडब्रेक घट्ट ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि जॅक लावून चाक उचलले. चाक जमिनीपासून सुटले मात्र, गाडी सावकाश पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि हौजिंग धाडकन जमिनीवर आदळले. त्या वेळी गाडीखाली कोणी नव्हते, एवढेच आमचे नशीब. दोष हँडब्रेकचा असणार असे आम्ही धरून चाललो. पण मिस्त्री आले, त्यांनी ब्रेक तपासला आणि म्हणाले, "गुर्जी, ब्रेक चांगला हाय. ह्या गाडीचा हँडब्रेक चाकास्नी न्हाई, शाफ्टाला हाय. मागचं येक चाक उचाललं की त्यो धरत न्हाई."

ब्रेक चांगला आहे, शाफ्ट घट्ट धरलेला आहे आणि तरीही गाडी चालते! विज्ञान शिकवणाऱ्या आम्हाला हे कोडे सुटेना आणि शाळेत फारसे न शिकलेल्या मिस्त्रींना ते ठाऊक होते. हे कोडे सोडवायचे, तर या गाडीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

चारही चाके कशासाठी?

गाडी पुढे जाते ती चाक आणि जमीन यांच्यातील घर्षणामुळे. हे घर्षण चाकावर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते. समजा, गाडीचे वजन 1100 किलो आहे, ते चारही चाकांवर सारखे विभागले आहे आणि ओल्या चिखलात घर्षणांक 0.2 आहे. इंजिनाची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळत असेल, तर ओढ मिळते 550 किलोच्या 0.2 पट, म्हणजे 110 किलोभार. चारही चाके फिरवली, तर तीच ओढ 220 किलोभार होते. म्हणजे ज्या चिखलात एक गाडी दहास एक या चढावर घसरू लागेल, तेथे दुसरी साधारण पाचास एक हा चढ चढून जाईल. इंजिन मोठे करून हा फायदा मिळत नाही. मोठे इंजिन चिखलात चाक फक्त जास्त जोराने गरगरवते.

शोधांची साखळी

कल्पना सोपी असली, तरी ती प्रत्यक्षात आणायला तीन अडचणी ओलांडाव्या लागल्या. पहिली अडचण वळणाची. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर एकाला घसटत जावे लागते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने 1827 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक रचना बसवली. तीच आजचे डिफरन्शिअल. ते दोन्ही चाकांना ओढ देते, पण त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते.

दुसरी अडचण कोनाची. खड्ड्यांत आस वरखाली होतो, पण इंजिन चौकटीला जखडलेले असते. मग फिरणारा दांडा दोघांना जोडणार कसा? स्प्रिंगच्या नियमामुळे ज्याचे नाव आपण वर्गात घेतो, त्या रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात कोनात फिरणाऱ्या सांध्याचे वर्णन केले होते. आपले मिस्त्री त्याला 'क्रॉस' म्हणतात. या सांध्यात एक खोड आहे. एक दांडा एकसारख्या गतीने फिरत असला, तरी कोनात असलेला दुसरा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. 15 अंशांच्या कोनात हा फरक साधारण साडेतीन टक्के असतो, तर 30 अंशांत तो पंधरा टक्क्यांवर जातो.

तिसरी अडचण यातूनच निघते. पुढची चाके वळतात तशीच फिरवायचीही असतील, तर हूकचा एकटा सांधा त्यांना हिसके देईल. कोन कितीही बदलला तरी गती एकसारखी ठेवणारे सांधे 1920 च्या दशकात तयार झाले. त्यांपैकी आल्फ्रेड रझेपा याचा गोळ्यांचा सांधा आज पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक मोटारींत असतो.

या अडचणींशी झगडतच माणसे पुढे गेली. इंग्लंडमध्ये ब्रामा डिप्लॉक याने 1893 मध्ये वाफेच्या यंत्रासाठी चारही चाके फिरवण्याचे पेटंट घेतले. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी 1903 मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी पेट्रोलची मोटार बांधली. तरीही अशी वाहने दीर्घकाळ महाग आणि दुर्मिळ राहिली.

एकोणपन्नास दिवस

1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या चारचाकी वाहनासाठी 135 कंपन्यांकडे निविदा पाठवल्या. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. ही मुदत अमेरिकन बॅन्टम या छोट्या कंपनीने पाळली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा केला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी नमुना सैन्याच्या ताब्यात दिला गेला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीप बांधल्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही गाडी रणांगणात, साध्या हत्यारांनी, नवशिक्या सैनिकाने दुरुस्त करायची होती. त्यामुळे तिचा प्रत्येक भाग दिसेल असा, हात पोहोचेल असा आणि एका गाडीचा दुसरीला बसेल असा ठेवला गेला. युद्धाची ही गरज पुढे आपल्या खेड्यांच्या कामी आली.

माझगावहून पाणंदीपर्यंत

युद्ध संपल्यावर सैन्याच्या कितीतरी जीप भारतात मागे राहिल्या आणि लिलावात निघाल्या. कैलाशचंद्र महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या खरेदी-मंडळाचे काम पाहत होते. 1945 मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्र आणि मोहम्मद' या कंपनीचे नाव 1948 मध्ये 'महिंद्र आणि महिंद्र' झाले. तिने स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगाव येथे विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. हळूहळू भागही येथेच बनू लागले.

2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातल्या सरकारचे जणू चाकांवरचे रूप झाले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर धूळ उडवत येणारी जीप त्या पिढीला आजही आठवते. सरकारी सेवेतून निघालेल्या गाड्या लिलावात शेतकऱ्यांनी आणि ठेकेदारांनी घेतल्या. पेट्रोल परवडेना, म्हणून इंजिन काढून डिझेलचे बसवले. पुढे याच जातीच्या गाड्या वडापात धावल्या, द्राक्षाच्या पेट्या वाहू लागल्या आणि घरच्या लग्नाची वरातही त्यांनीच नेली. लढाईसाठी बांधलेले वाहन असे घरगुती झाले. त्याची दुरुस्तीही अंगणात, लिंबाच्या सावलीत होऊ लागली.

वळणावरचे गणित

जुन्या जीपमध्ये 'फोर व्हील'चा दांडा टाकला, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. प्रत्येक आसाला डिफरन्शिअल आहे, पण दोन आसांच्या मध्ये नाही. याचा परिणाम काय होतो, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येते. दोन्ही आसांतले अंतर सुमारे 2.03 मीटर आहे. मागच्या आसाचा मध्य 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळत असेल, तर पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या सुमारे 5.4 मीटर येते. अर्धे वर्तूळ वळताना मागचा आस 15.7 मीटर जातो आणि पुढचा जवळजवळ 17 मीटर. हा सव्वा मीटरचा फरक कोठेतरी जिरायला हवा. चिखलात चाक घसरते आणि तो निघून जातो. डांबरावर मात्र शाफ्ट पिळवटतात, टायर झिजतात आणि शेवटी क्रॉस किंवा गिअरचा दात तुटतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर दांडा काढून ठेवायचा.

टायरचेही असेच आहे. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घातले आणि त्रिज्येत फक्त 5 मिलिमीटरचा फरक पडला, तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे 31 मिलिमीटरची तफावत येते. 35 सेंटिमीटर त्रिज्येचे चाक एका किलोमीटरमध्ये 450 हून अधिक फेरे घेते. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 14 मीटर! ज्या मोटारींत चारही चाके कायम जोडलेली असतात, त्यांत मध्ये आणखी एक डिफरन्शिअल किंवा घसरू शकणारा क्लच असतो. तेथे वळणाचा फरक जिरतो. पण विषम टायरांमुळे हाच भाग सतत राबतो, तापतो आणि अकाली जातो.

हँडब्रेकचे कोडे

आता आपल्या कोड्याकडे येऊ. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या शाफ्टाला धरतो. शाफ्ट थांबला, की डिफरन्शिअलची पेटी थांबते. पण पेटी थांबली तरी तिच्यातली लहान चाके फिरू शकतात. तेव्हा एक चाक जितके पुढे जाईल, तितकेच दुसरे मागे फिरते. दोन्ही चाके जमिनीवर असताना हे शक्य नसते, म्हणून गाडी थांबते. आम्ही एक चाक उचलले आणि त्याला उलटे फिरायला मोकळीक दिली. मग दुसरे चाक खुशाल पुढे गेले. गाडी गिअरमध्ये टाकूनही उपयोग झाला नाही, कारण गिअरही शाफ्टालाच धरतो. दांडा 'फोर व्हील'ला असता, तर पुढची दोन्ही चाके जमिनीवर राहिल्यामुळे गाडी अडली असती. पेकरची जी युक्ती गाडीला वळवते, तिनेच ती उतारावर सोडली होती.

अंगणातली दुरुस्ती

यावरून घरच्या दुरुस्तीचा पहिला नियम ठरतो. गाडी सपाट जागी घ्यावी, दोन चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. हौजिंगखाली मजबूत घोडी किंवा लाकडी ठोकळे हवेतच.

बाकीची कामेही पाहून-समजून करण्यासारखी आहेत. गिअरबॉक्स, फोर व्हीलची पेटी आणि दोन्ही डिफरन्शिअल या चारही ठिकाणचे तेल पाहावे. ओढ्यातून गेल्यावर तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. तापलेले हौजिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकुंचन पावते. हवेची बारीक नळी चिखलाने बुजली असेल, तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ती नळी मोकळी ठेवावी. काढलेल्या तेलात चुंबक फिरवावा. बारीक काळी भुकटी चिकटणे नेहमीचेच, पण कपचे निघाले, तर गिअर खोलण्याची वेळ आली आहे. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक पितळेची असते. जुने तेल मात्र ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

शाफ्ट काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर खूण करावी. हूकच्या एका सांध्याची खोड दुसरा सांधा भरून काढतो, पण दोन्हीकडची टोके एका रेषेत असतील तरच. जोडताना एक-दोन दाते चुकले, तर गाडी वेगात थरथरते आणि माणूस विनाकारण चाके तपासत बसतो.

कौशल्य कोणाचे, पाठ कोणाचा?

याच जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून छोटीशी जीप बनवली. 2022 च्या जानेवारीत कंपनीने ती घेऊन त्याला नवी बोलेरो दिली, हे अनेकांनी वाचले असेल. असे कौशल्य आकाशातून पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उघडून पाहता येतील अशी यंत्रे हाताशी असली, तर ते येते. नव्या मोटारींत बरेचसे बंद पेट्यांत गेले आहे. त्या अधिक सुरक्षित आणि कमी धूर सोडणाऱ्या आहेत, हे खरे. पण त्यांच्या अंगणातल्या शाळा बंद होत चालल्या आहेत.

मिस्त्रींना 'काय होते' हे माहीत होते, आम्हाला 'का होते' हे शोधता आले. पण ही दोन ज्ञाने त्या दिवसापर्यंत एकमेकांना भेटली नव्हती आणि तेवढ्यात कोणाचा जीव गेला असता. आपल्या गावच्या मिस्त्रींना एक दिवस शाळेत बोलवावे. भंगारातले एक डिफरन्शिअल टेबलावर ठेवून त्याची पेटी एका मुलाने धरावी आणि दुसऱ्याने एक बाजू फिरवावी. दुसरी बाजू उलटी फिरताना दिसेल. मग मुलांना विचारावे, "उतारावर जॅक लावण्यापूर्वी तुम्ही काय कराल?" या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलांना कारणासह देता येईल, त्यांना तो धडा समजला, असे खुशाल समजावे.