क्वाथ ते चहा : ‘आयुष क्वाथा’तील द्रव्यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोविड-१९ च्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ या मिश्रणाची शिफारस केली. तुळशीची पाने चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि काळी मिरी एक भाग असे त्याचे प्रमाण होते. तीन ग्रॅम चूर्ण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घालून चहाप्रमाणे घ्यावे, असे सुचविण्यात आले. अशा पेयांचा उल्लेख सामान्यतः ‘प्राचीन भारतीय परंपरा’ या एकाच शब्दप्रयोगाने केला जातो. या परंपरेचे ऐतिहासिक स्वरूप द्रव्यांचा उगम आणि सेवनाची रीत या दोन अंगांनी तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. औषधी गुणांचा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही.

द्रव्यांचा उगम

चारही द्रव्यांचा इतिहास सारखा नाही. तुळस ही भारतीय घराच्या अंगणातील वनस्पती होय. काळी मिरी मूळची पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील. परंतु तिचा इतिहास समुद्रापलीकडे घडला. इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या उत्खननात इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका भारतीय रांजणात सुमारे साडेसात किलो मिरी आढळली. ‘यवनप्रिय’ हे मिरीचे संस्कृत नाव याच व्यापाराची साक्ष देते.

आले वन्य अवस्थेत आढळत नाही. ते कंद लावूनच वाढविले जाते. त्याचा उगम दक्षिण व आग्नेय आशियात मानला जातो. वाळविलेली सुंठ टिकाऊ असल्याने ती दूरवर गेली आणि ‘शृंगवेर’ या शब्दाशी नाते सांगणारे ‘झिंगिबेरिस’ हे नाव ग्रीक भाषेत रूढ झाले.

दालचिनीचे नाव फारसी ‘दारचीनी’, म्हणजे ‘चीनचे लाकूड’, यावरून आले. उत्तम दालचिनी मात्र श्रीलंकेची. १६५६ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोलंबो जिंकले व तेथील दालचिनीचा व्यापार आपल्या हाती घेतला. साल सोलून देण्याची सक्तीची सेवा सालागामा जातीच्या लोकांवर लादलेली होती. दालचिनीच्या सुगंधामागील हे कष्ट परंपरेच्या गौरवात सहसा नोंदविले जात नाहीत.

सेवनाची रीत

चरकसंहितेत स्वरस, कल्क, शृत, शीत व फांट अशा पाच कषायकल्पना सांगितल्या आहेत. शार्ङ्गधरसंहितेनुसार क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावे लागते. तर फांटामध्ये चूर्णावर उष्ण पाणी घालून ते गाळून घेतात. या कसोटीवर ‘आयुष क्वाथ’ नावाने क्वाथ असला, तरी कृतीने फांटाच्या व चहाच्या अधिक जवळचा आहे.

चहाचा पूर्वेतिहास याच्या नेमका उलट दिसतो. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आला होता. १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने नोंदविले आहे की, येथील लोक चहामध्ये उष्ण मसाले घालून तो उकळतात आणि डोकेदुखी व पोटदुखीवर घेतात. म्हणजेच पश्चिम भारतात चहाची एक आरंभीची ओळख काढा म्हणूनच झाली. पुढे आसामात मळे उभे राहिले. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून प्रचारासाठी निधी उभारण्यात आला आणि विसाव्या शतकात चहा हे नित्याचे पेय बनले.

निष्कर्ष

सतराव्या शतकात परका चहा काढ्याच्या रूपाने सुरतेत स्वीकारला गेला. २०२० मध्ये काढ्यालाच चहाचे रूप घ्यावे लागले. द्रव्ये निरनिराळ्या भूमींतील, नावे अनेक भाषांतील आणि रीत मात्र येथील वैद्यकाने शास्त्रबद्ध केलेली, असे या पेयाचे स्वरूप आहे. म्हणून त्यास केवळ ‘स्वदेशी’ वा केवळ ‘परकीय’ ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. बाहेरून आलेले पारखून आपलेसे करण्याची क्षमता हाच या परंपरेचा खरा वारसा होय, असे म्हणता येईल.