डिफरन्शियलचा आवाज: गाडीच्या मागून येणारी घरघर कशी ओळखायची?

बोलेरो, स्कॉर्पिओ आणि इनोव्हा क्रिस्टा या सिरोंचा-आलापल्ली रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या. फोर्ड मस्टँग आणि बीएमडब्ल्यू एम२ या रेसच्या व्हिडिओत दिसणाऱ्या. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: गाडीला ताकद मागच्या चाकांकडून मिळते. अशा गाडीत मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोल डबा दिसतो, तो म्हणजे डिफरन्शियल.

डिफरन्शियल काय करतं?

वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली असती तर टायर घासत गेले असते. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन असतो, तो मोठ्या क्राऊन गिअरला फिरवतो. क्राऊनच्या आत छोटे स्पायडर गिअर असतात. सरळ रस्त्यावर ते जवळजवळ शांत असतात, वळणावर कामाला लागतात.

क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासतही जातात. त्यामुळे इथे साधं ऑइल चालत नाही. बहुतेक गाड्यांना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. नेमका ग्रेड गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

कोणता आवाज, कोणता बिघाड?

- अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक 'उंऽऽ': क्राऊन-पिनियनचे दात झिजलेत किंवा त्यांची सेटिंग बिघडली आहे.
- अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच 'उंऽऽ': पिनियनचं बेअरिंग सैल झाल्याची शक्यता जास्त.
- सतत जाड घरघर, वेगाबरोबर वाढणारी: बेअरिंग.
- फक्त वळणावर कटकट: स्पायडर गिअर.
- क्लच सोडताना 'ठक्क': आधी प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट तपासा. तो डिफरन्शियलपेक्षा खूप स्वस्तात बदलतो.

आवाज टायरचाही असू शकतो. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर टायरवर संशय घ्या. वेग तोच ठेवून गिअर बदला. इंजिनचे फेरे बदलूनही आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनचा नाही.

मोबाईलने कसं तपासायचं?

साउंड स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फ्री अ‍ॅप घ्या. गाडी चालवणाऱ्याने फोन हातात घ्यायचा नाही, मागच्या सीटवरच्या मित्राला रेकॉर्ड करू द्या.

आता थोडं गणित. समजा टायरचा घेर २.१ मीटर आहे आणि क्राऊनला ४१ दात आहेत. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ८ फेरे मारतं. ८ गुणिले ४१, म्हणजे सुमारे ३२५ हर्ट्झ. अ‍ॅपमध्ये याच जागी उंच टोक दिसलं आणि वेग वाढवल्यावर तेही त्याच प्रमाणात वर सरकलं, तर आवाज क्राऊन-पिनियनचाच. तुमच्या गाडीच्या दातांची संख्या मेकॅनिकला विचारा.

सिरोंचाकडे खरी भीती पाण्याची

सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. पावसाळ्यात नद्या फुगल्या की नाल्यांचं पाणी रस्त्यावर चढतं. गरम डिफरन्शियल पाण्यात गेलं की पटकन थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे बेअरिंगला गंज चढतो आणि घरघर सुरू होते.

म्हणून वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका. अ‍ॅक्सल बुडेल इतक्या साचलेल्या पाण्यातून जावं लागलंच, तर नंतर ऑइल तपासून घ्या. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला. इथून जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली २०० किमीपेक्षा लांब आहे. जंगलाच्या रस्त्यात डिफरन्शियल जाम झालं तर गाडी ओढून न्यायचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट होतो.

जास्त टिकण्यासाठी

- चिखलात एक चाक नुसतं फिरत असेल तर रेस देत राहू नका. स्पायडर गिअर इथेच जातात. चाकाखाली दगड किंवा फांद्या टाका.
- मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा.
- ओव्हरलोड टाळा.
- ऑइल गळतंय का, ते अधूनमधून वाकून बघा.
- ऑइल बदलताना ड्रेन प्लगचा चुंबक बघा. काळसर बारीक पेस्ट चालते, धातूचे तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका.
- क्राऊन आणि पिनियन ही जोडी आहे, एकटा पिनियन बदलू नका.

नव्या दातांचा सुरुवातीचा कीस ऑइलमध्ये उतरतो. म्हणूनच बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांचं डिफरन्शियल ऑइल पहिल्या २,००० किमीलाच बदलतात. तुमच्या गाडीत नवा क्राऊन-पिनियन बसवला असेल, तर सुरुवातीला जड लोड घेऊ नका आणि पहिलं ऑइल कधी बदलायचं ते मेकॅनिककडून ठरवून घ्या.