पिंपरीचे पेनिसिलीन आणि जरेचा प्रश्न

फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा गांधी अखेरच्या आजारात होत्या. देवदास गांधींनी मोठ्या प्रयासाने पेनिसिलीन मिळवले. परंतु ते वारंवार टोचून द्यावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी त्यास संमती दिली नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे तिला साहाय्य होते. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे टेल्को आली, बजाज आली आणि कांद्याच्या बाजाराचे चाकण मोटारींचे झाले. त्यामुळे हा पट्टा लोखंडाचा म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या आरंभीच्या काळात मात्र बुरशी वाढवणाऱ्या टाक्या आहेत, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

यंत्रांच्या शेजारी राहणाऱ्यांना वार्धक्याचे एक उत्तर आपोआप सुचते : यंत्र झिजते, तसे शरीरही झिजते. आपली भाषाही तेच सांगते. जरा, जीर्ण, जर्जर हे शब्द एकाच धातूचे. वस्त्रही जीर्ण होते आणि देहही. पण हे उत्तर पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते. गिअरचा तुटलेला दाता पुन्हा उगवत नाही. जखम मात्र भरून येते. एका पेशीपासून सबंध देह रचू शकणाऱ्या जीवाला तो देह नुसता राखणे का जमू नये?

ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या आरंभी उत्तर दिले, की झिजलेल्यांनी जागा मोकळी करणे जातीच्या हिताचे असते. यात जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरलेले आहे. जीव मुळात झिजतोच का, हा प्रश्न तसाच राहतो.

खरे वळण पीटर मेडावार यांनी दिले. १९५१ साली लंडनमध्ये दिलेले त्यांचे व्याख्यान १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा दाखला प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांचा आहे. नळ्या जुन्या होत नाहीत, केवळ अपघाताने फुटतात, आणि फुटलेल्यांच्या जागी नव्या येतात. तरीही काही काळाने पाहिले तर जुन्या नळ्या थोड्या आणि नव्या पुष्कळ. सजीवांचेही तसेच. रोग, दुष्काळ, शिकारी यांमुळे बहुतेक जीव म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत. साहजिकच उतारवयात उपद्रव देणारा एखादा गुण निसर्गाच्या निवडीतून निसटून जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतो.

मेडावारांचे पुस्तक आणि पिंपरीचा कारखाना यांत दोन वर्षांचे अंतर आहे. एकाने सांगितले, की बाहेरून येणाऱ्या मृत्यूमुळे जरा झाकलेली राहते. दुसऱ्याने तोच बाहेरचा मृत्यू मागे रेटण्याचे साधन कुपीत भरले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे होत असा नव्हे (हा गैरसमज फार पसरलेला आहे). बालमृत्यूंनी ती सरासरी खाली ओढली होती. पेनिसिलीनने जरा थांबवली नाही, तिच्यापर्यंत पोचणाऱ्यांची संख्या वाढवली.

१९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी पुढचे पाऊल टाकले. जो गुण तारुण्यात लाभाचा, तोच वार्धक्यात घातक ठरू शकतो, आणि तरीही निसर्ग त्याला निवडतो. खांडेकरांची ‘ययाति’ यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ साली आली. ययातीने पुत्राचे तारुण्य उसने घेतले. विल्यम्स यांच्या मते प्रत्येक जीव आपल्याच म्हातारपणाकडून तारुण्यासाठी उसनवारी करतो. टॉम कर्कवूड यांचे १९७७ चे म्हणणे एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला चटकन पटेल : साधने मर्यादित असतील तर सारी देखभालीवर खर्चून चालत नाही, काही उत्पादनासाठी, म्हणजे संततीसाठी, राखावी लागतात.

पिंपरीच्या संशोधकांनी केवळ परक्या बुरशीवर काम केले असे नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या जीवाणूपासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचे नाव जीवाणूला मिळणे हा मान फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो. १९६४ मध्ये एका कॅनेडियन मोहिमेने प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरची माती गोळा केली. तीत याच कुळातला दुसरा एक जीवाणू सापडला. त्याच्यापासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलला एक बुरशीनाशक वेगळे केले आणि १९७५ मध्ये ते जाहीर केले. बेटाच्या रापा नुई या नावावरून ते रॅपामायसिन झाले. शोध बुरशीवरच्या औषधाचा होता. हाती लागले ते पेशीच्या वाढीचा आदेश मंद करणारे द्रव्य. तारुण्यात देह घडवणारा हा आदेश नंतरही चालू राहून अपाय करतो, असे काही संशोधक मानतात. विल्यम्स यांच्या उसनवारीशी ते जुळते.

हॅमायसिन औषधाच्या दुकानापर्यंत गेले, पण जरेच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आला नाही. कारखाना पुढे आर्थिक संकटात सापडला. रॅपामायसिनने २००९ साली उंदरांचे आयुष्य वाढवून दाखवले. माणसाच्या बाबतीत तसे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्या प्रयोगातल्या उंदरांना औषध सुरू केले तेव्हा त्यांचे वय ६०० दिवस होते, माणसाच्या हिशेबाने साधारण साठीचे.