मोडेम आणि साउंड कार्ड : जोडणी कशी करावी?

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या दशकभरात घरगुती संगणकात दोन विस्तार कार्डे प्रामुख्याने दिसू लागली. टेलिफोनची तार संगणकाला जोडणारे मोडेम हे एक आणि ध्वनी ऐकवणारे साउंड कार्ड हे दुसरे. पुढे ध्वनीची सोय मदरबोर्डवरच आली आणि ब्रॉडबँडने अंतर्गत मोडेमची गरज संपवली. तथापि, जुना संगणक दुरुस्त करताना किंवा त्यातील माहिती वाचवताना या कार्डांची जोडणी ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

स्लॉटची निवड

विस्तार कार्ड मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये बसते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून आलेला आयएसए स्लॉट लांब व बहुधा काळा असतो. इंटेलने १९९२ मध्ये आणलेला पीसीआय स्लॉट आखूड व बहुधा पांढरा असतो. एका प्रकारचे कार्ड दुसऱ्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसत नाही. पीसीआय एक्स्प्रेस हा त्यानंतरचा स्लॉटही वेगळाच असून, त्यात जुने पीसीआय कार्ड बसत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या एजीपी स्लॉटलगतचा पहिला पीसीआय स्लॉट शक्यतो मोकळा ठेवावा; अनेक मदरबोर्डांवर त्या दोहोंना एकच इंटरप्ट वाटून घ्यावा लागतो.

जोडणीचा क्रम

प्रथम संगणक बंद करून विजेची तार भिंतीवरील सॉकेटमधून काढावी. एटीएक्स पद्धतीच्या वीजपुरवठ्यात बटण बंद असले तरी मदरबोर्डला पाच व्होल्टचा प्रवाह मिळत राहतो. टेलिफोनची तारही काढून ठेवावी. या तारेत एरवी सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. घंटी वाजताना तो याहून बराच वाढतो. कॅबिनेट उघडल्यावर आतील धातूच्या सांगाड्याला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जातो. हा भार आपल्याला जाणवलाही नाही तरी कार्डावरील चिप निकामी करू शकतो.

मागील बाजूची पत्र्याची पट्टी काढून कार्ड कडांना धरावे आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देत सरळ खाली बसवावे. सोनेरी संपर्कपट्ट्या बाहेर दिसत असल्यास कार्ड पूर्ण बसलेले नाही, असे समजावे. स्क्रू आवळताना कार्ड एका बाजूने उचलले जात नाही ना, हेही पाहावे.

दोन कार्डांमधील तार

मोडेमवर बाहेरच्या बाजूला सहसा दोन सॉकेट असतात. ‘लाइन’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये भिंतीकडून येणारी तार आणि ‘फोन’ लिहिलेल्यात टेलिफोन संच जोडावा. व्हॉइस मोडेम असल्यास आतून आणखी एक जोडणी करता येते. दोन्ही कार्डांवर ‘टीएडी’ अशी अक्षरे छापलेला चार पिनांचा सॉकेट असेल, तर त्या दोहोंमध्ये बारीक तार लावतात. तिच्यातील एक वाहक फोनवरील आवाज साउंड कार्डाकडे नेतो, दुसरा मायक्रोफोनचा आवाज मोडेमकडे नेतो आणि उरलेले दोन ग्राउंडचे असतात. यामुळे संगणकाच्या स्पीकरवरून संभाषण ऐकता येते. सीडी ड्राइव्हच्या ध्वनीतारेचा सॉकेटही तसाच दिसत असल्याने अक्षरे वाचूनच तार लावावी.

साउंड कार्डाच्या बाहेरील सॉकेटना पीसी ९९ या मानकाने रंग ठरवून दिले. हिरवा स्पीकरसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि फिकट निळा बाहेरील ध्वनी आत घेण्यासाठी असतो. मदरबोर्डवर आधीच ध्वनीची सोय असल्यास ती बायॉसमधून बंद करावी.

इंटरप्टचा संघर्ष

कार्डे नीट बसवूनही संगणक अडखळत असल्यास दोष बहुधा इंटरप्टच्या वाटपात असतो. पारंपरिक रचनेत कॉम १ व कॉम ३ यांना इंटरप्ट ४, तर कॉम २ व कॉम ४ यांना इंटरप्ट ३ मिळतो. त्यामुळे माऊस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असल्यास नंबर फिरवताच माऊस गोठतो. यावर उपाय म्हणजे बायॉसमधून मदरबोर्डवरील कॉम २ बंद करून ती जागा मोडेमला देणे. जुनी साउंड कार्डे इंटरप्ट ५ किंवा ७ वापरत. यांपैकी ७ हा प्रिंटरच्या पोर्टचाही असल्याने छपाई सुरू असताना आवाज तुटण्याची शक्यता असे.

विंडोज ९५ पासूनच्या ‘प्लग अँड प्ले’ सुविधेमुळे हे वाटप आपोआप होऊ लागले. तरीही ड्रायव्हर टाकल्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’ तपासावा. कार्डापुढे पिवळे उद्गारचिन्ह दिसल्यास संघर्ष किंवा चुकीचा ड्रायव्हर, ही दोन कारणे आधी तपासावीत.

पावसाळ्यातील दक्षता

विजांच्या कडकडाटात टेलिफोनच्या तारेतून येणारा दाब मोडेम जाळू शकतो आणि प्रसंगी मदरबोर्डपर्यंत पोहोचतो. संगणकाचा वीजपुरवठा बंद केल्याने हा धोका टळत नाही, कारण मार्ग टेलिफोनच्या तारेचा असतो. म्हणून आभाळ गडगडू लागताच विजेच्या तारेबरोबर टेलिफोनची तारही काढून ठेवावी. मोडेम जळाल्यास नवे आणता येते. हार्ड डिस्कमधील माहिती मात्र दरवेळी परत मिळतेच असे नाही.